मागच्या चाकांवरचं वजन

"दोन हजार चारशे नव्वद," काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला. सुभाषशेठ लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा टेमकर! गाडीला पंचवीसशे पन्नास पास आहे. साठ किलो शिल्लक. तुम्ही उगाच घाबरवत होता."

मी म्हणालो, "शेठ, अजून एकदा तोलायचंय. आता फक्त मागची चाकं."

मंचरच्या त्या वजनकाट्यावर आमच्या मागे कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हर हॉर्न मारत होते. काट्यावरचा माणूस वैतागला. पण आमचा ड्रायव्हर नामदेवनं पिकअप पुढे घेतली आणि पुढची चाकं प्लॅटफॉर्मच्या बाहेर काढून उभी केली.

"सतराशे वीस!"

मागच्या ॲक्सलची मर्यादा होती सतराशे. आणि गाडीत अजून पाण्याचा थेंब नव्हता. औषधं नव्हती, डॉक्टर नव्हत्या, नर्स नव्हती.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी तेव्हा मंचरला एका बॉडी बिल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. ट्रकचे, टेम्पोचे हौदे आणि केबिन आम्ही बनवायचो. मी डिप्लोमा झालेला, त्यामुळे ड्रॉइंग, वजनाचा तक्ता आणि शेवटी 'काम योग्य आहे' म्हणून सही, हे माझ्याकडे. रोज अवसरी बुद्रुकहून मोपेडवर यायचो. मालकांना सगळे आप्पा म्हणायचे.

सुभाषशेठ मंचरमधले कांदा-बटाट्याचे व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथंच. माणूस दानशूर, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज होईल. आई वारल्यावर तिच्या नावानं डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या डोंगरवाड्यांसाठी फिरता दवाखाना काढायचं त्यांनी ठरवलं. डॉ. सुनंदा आठवड्यातून तीन दिवस जायला तयार झाल्या. गाडी शेठच्या दुकानाची, नामदेव तिचा ड्रायव्हर. पण बाजाराच्या दिवशी तीच पिकअप शेठना मालासाठी हवी होती. म्हणून त्यांनी मागितलं ते असं: दवाखान्याची केबिन वेगळी बनवायची, हौद्यात सरकवून बसवायची, आणि नको तेव्हा उतरवून ठेवायची.

असं काम आम्ही पहिल्यांदाच करत होतो. केबिनला चार कोपऱ्यांना जॅकचे पाय. पाय खाली सोडले की केबिन आपली आपण उभी राहते, गाडी खालून निघून जाते. परत हवी तेव्हा गाडी रिव्हर्स घ्यायची, पाय उचलायचे, बोल्ट आवळायचे. मला त्या कामाचा फार आनंद झाला होता. ड्रॉइंग मी घरी नेऊन बायकोलासुद्धा दाखवलं.

माझ्या पहिल्या तक्त्यात केबिनचं वजन सामानासकट साडेसहाशे होतं. ॲल्युमिनियमची फ्रेम, पातळ प्लाय, शंभर लिटरची पाण्याची टाकी पुढच्या भिंतीला. मग शेठ रोज संध्याकाळी वर्कशॉपला येऊ लागले. "ॲल्युमिनियम नको, पत्र्याचा डबा वाटतो. लोखंडी अँगल घ्या, टिकायला पाहिजे." अँगल झाला. "प्लाय जाड घ्या." घेतला. काचेची कपाटं आली. औषधं ठेवायच्या ओट्यावर त्यांनी ग्रॅनाइट बसवायला लावलं. "आईच्या नावाचं काम आहे, स्वयंपाकघरात लावतो तसं लावा." शंभर लिटरची टाकी तीनशेची झाली आणि पुढे जागा उरली नाही म्हणून मागच्या दारापाशी गेली. आप्पा प्रत्येक गोष्टीला "करून टाकू शेठ" म्हणायचे. मी प्रत्येक वेळी वहीत वाढीव वजन लिहायचो, पण बेरीज करून कुणापुढे ठेवत नव्हतो. मला वाटायचं, शेवटी एकदाच तोलू.

शेवटी तोललं, ते असं.

काट्याच्या बाजूला टपरीवर बसून मी शेठना समजावलं. पिकअपचा मागचा ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. त्यानं किती पेलायचं हे कंपनीनं ठरवलेलं असतं. सगळ्या गाडीचं वजन मर्यादेत असलं तरी ते पुढं-मागं कसं बसलंय हे बघावं लागतं. आपली केबिन जड आहे आणि तिचं वजन ॲक्सलच्याही मागं लटकतंय. सीसॉवर जाडा माणूस टोकाला बसावा, तसं. त्यामुळे पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं.

"आणि टाकी भरली की?" त्यांनी विचारलं.

"एक लिटर पाणी एक किलो. तीनशे किलो, तेही अगदी शेपटाकडे. माणसं, औषधं धरली तर गाडी तीन हजारांवर जाते. साडेचारशे जास्त. मागच्या चाकांवर एकवीसशेच्या वर येतील."

"मग करायचं काय?"

"ग्रॅनाइट काढू. काचेची कपाटं काढू. अँगलची फ्रेम उतरवून परत ॲल्युमिनियम. टाकी पुढं. तीन आठवडे द्या."

उद्घाटन चार दिवसांवर होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुणे ठरले होते. शेठ उठले आणि थेट आप्पांशी बोलले.

दुपारी आप्पांनी मला त्यांच्या ऑफिसात बोलावलं. "टेमकर, मागं दोन पाटे वाढव."

पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. ते वाढवले की वजनानं खाली बसलेली गाडी वर उचलली जाते. मी म्हणालो, "आप्पा, पाटे वाढवून गाडी सरळ दिसेल. ॲक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच. ब्रेकला काय माहीत पाटे वाढवलेत ते?"

"अरे, या रस्त्यानं बटाट्याच्या गाड्या दीडपट माल घेऊन जातात. त्यांना कोण विचारतं?"

"त्या गाड्यांत डॉक्टर नसतात."

"मग तू काय सुचवतोस? शेठला सांगू, कार्यक्रम रद्द करा? आईच्या वर्षश्राद्धाचा?"

शेवटी मीच एक तोड काढली, आणि त्या तोडीचा मला आजही राग येतो. म्हणालो, टाकी पाऊणशे लिटरच्या वर भरायची नाही, अशा अटीवर सही करतो. आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. पाटे वाढवले. गाडी झोकात उभी राहिली. मी 'योग्य' म्हणून सही केली आणि खाली अट लिहिली. टाकीवर लाल पेंटनं रेघ मारली.

उद्घाटनाला डॉ. सुनंदांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या कानावर थोडं गेलं होतं. म्हणाल्या, "टेमकर, मी रोज बसणार आहे यात. नीट सांगा. जाऊ ना?"

तेव्हा 'नका जाऊ' म्हणणं एका वाक्याचं काम होतं. पलीकडे मांडवात शेठ आईच्या फोटोला हार घालत होते. मी म्हणालो, "जा मॅडम. फक्त पाणी लाल रेघेच्या वर नको."

पाच-सहा महिने दवाखाना छान चालला. नामदेव बोरी बुद्रुकचा, जुना ड्रायव्हर, हात अगदी हलका. महिन्यातून एकदा तो वर्कशॉपला बोल्ट आवळून घ्यायला यायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, गाडी उतारावर लई ढकलतीया. माझ्याच पाठीवर बसल्यावानी वाटतं."

"टाकी किती भरता?"

तो हसला. "उन्हाळा हाय राव. वरच्या वाडीत बाया हंडं घिऊन गाडीपाशी उभ्या ऱ्हात्यात. डाक्टरबाई म्हनल्या, टाकी भर पुरी. आता मी काय न्हाई म्हनू? तुमी म्हनाल का?"

मी शेठना फोन केला. ते म्हणाले, "पाणीसुद्धा पुण्यच आहे टेमकर. सावकाश चालवायला सांगतो." मी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "आपली अट कागदावर आहे ना? मग झालं." मी ब्रेकचे लायनर नवे घालून दिले. त्यापलीकडे काही केलं नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी, वाडीकडं जाताना मधल्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले. पुढे वळण होतं आणि खाली दरी. नामदेवनं गाडी डोंगराच्या बाजूला घासली आणि शेवटी दरडीत घातली. मुद्दाम स्वतःच्या बाजूनं. डॉ. सुनंदांचं गळपट्टीचं हाड मोडलं, नर्सला टाके पडले. नामदेवचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पंचनाम्यात आलं, ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली. कुणी सांगितलं माहीत नाही. नामदेववर निष्काळजीपणाची केस झाली. शेठनी तिघांच्या हॉस्पिटलचा सगळा खर्च केला, पण केसबद्दल ते म्हणाले, "पोलिसांचं काम पोलीस करतील."

मी बोरी बुद्रुकला गेलो. जायला पंधरा दिवस लावले, हेही सांगतो. नामदेव ओसरीवर खाटेवर होता, पायावर चादर. मला बघून उठून बसायला लागला. "या भाऊ, बसा. चहा टाक गं."

त्याची बायको कमल चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला आणि समोरच उभी राहिली. "भाऊ, एक इचारू? ह्यांनी गाडी न्युटलला टाकली म्हनत्यात. तुमाला काय वाटतं?"

"नाही टाकली. गाडीत वजन जास्त होतं."

"कवा कळलं तुमाला?"

खरं तर इथं मला खोटं बोलता आलं असतं. "पहिल्यापासून," मी म्हणालो. "गाडी चालू व्हायच्या आधीपासून."

कमलनं आवाज चढवला नाही. "म्हंजे तुमाला म्हाईत व्हतं, आन् तरी तुमी ह्यांना बसवलं."

तिनं माझ्या हातातला कप परत घेतला नाही. तो चहा मी प्यायलो. इतका अवघड चहा नंतर कधी प्यायलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी काट्याच्या दोन्ही पावत्या, माझी वही आणि सहीचा कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार कागद बघून म्हणाला, "अहो, ही तर तुमचीच सही आहे. तुम्ही स्वतःविरुद्धच द्यायला आलात?"

"हो. लिहून घ्या."

आप्पांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझ्याशी आधी बोलायचंस." त्यांनी मला काढलं नाही. फक्त ड्रॉइंगचं काम दुसऱ्याकडे गेलं, सहीचं काम स्वतःकडे घेतलं, आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. वर्षभर नटबोल्ट मोजले आणि मग मीच बाहेर पडलो.

कोर्टात दोन वर्षं गेली. गाडी तपासणाऱ्या इन्स्पेक्टरनं ब्रेकच्या ड्रमचे जळालेले व्रण दाखवले आणि नामदेव निर्दोष सुटला. वर्कशॉपला दंड झाला. मला माझाच जबाब वाचून दाखवून कोर्टानं ताकीद दिली. पण नामदेवचं लायसन गेलं, कारण एका पायावर ते मिळत नाही. तो आता गावात पिठाची गिरणी चालवतो. मला भेटला तर नीट बोलतो. कमल बोलत नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळंच. शेठनी दवाखाना परत काढला नाही. काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी मी त्या वाडीत गेलो होतो. एका म्हातारीनं विचारलं, "ती पान्याची गाडी कवा येनार वो?" दवाखान्याची नाही, पाण्याची. माझा वजनाचा तक्ता बरोबर होता आणि तिच्या दारात आता काहीच येत नव्हतं.

आता कुणी गाडीवर काही बसवायचं म्हणून विचारायला आलं, तर मी एकच गोष्ट सांगतो. रिकामी गाडी आधी काट्यावर न्या, पुढची-मागची चाकं वेगळी तोला, आणि मग ड्रॉइंगला हात लावा. जे काही वाढेल त्याची बेरीज त्याच दिवशी करा आणि मालकाच्या टेबलावर ठेवा. आधी तोललं तर तो हिशेब असतो. नंतर तोललं तर तो फक्त पुरावा होतो.