लवूने धरलेली जागा

लवू परबइतका वैतागवाणा माणूस मी पाहिला नाही, आणि पोर्ट ऑफ स्पेनइतकं वैतागवाणं शहरही. १९८५ साली आम्ही दोघं शिष्यवृत्तीवर साखरेचं तंत्र शिकायला त्रिनिदादला गेलो. तो घाटकोपरचा, बाप गिरणीत; मी मुलुंडचा. खोली एकच.

तिथल्या टॅक्स्या म्हणजे डोक्याला ताप. ना ठरलेला रंग, ना मीटर. कुणाच्याही घरची वाटावी अशी गाडी. नंबराआधी इंग्रजी एच असला तरच ती टॅक्सी. प्रत्येक दिशेचा स्टँड वेगळ्या गल्लीत, आणि पाच माणसं भरल्याशिवाय चाक हलायचं नाही. पहिले दोन महिने चुकीच्या गाडीत बसून मी कॉलेजपेक्षा बंदरच जास्त पाहिलं. वर हा लवू. पहाटे पांघरूण ओढणार, "पेन घेतलंस? दुसरं घेतलंस?" म्हणून मागे लागणार. माझी आईसुद्धा इतकी मागे लागली नव्हती.

शेवटची लेखी परीक्षा दोघांचीही एकाच दिवशी होती. नऊला दार बंद; जो बाहेर राहील तो नापास, आणि नापास झालेल्याला थेट घरी पाठवायचे. लवू मला तीनदा उठवून साडेसहालाच स्टँडवर गेला. मी शर्टाला इस्त्री करत बसलो. आठ वाजून दहा मिनिटांनी पोचलो तर रांग कोपऱ्यापलीकडे गेलेली, आणि लवू सगळ्यात पुढे. माझी वाट बघत त्याने किती गाड्या सोडल्या होत्या कोण जाणे.

एक गाडी आली. ती नीट थांबायच्या आत लवूने खिडकीतून रुमाल मागच्या सीटवर फेकला, गणपतीला गावी जाताना एसटीत टाकतात तसा, आणि ओरडला, "विद्या, धाव रे! जागा धरलंय!"

अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्रायव्हर आडदांड म्हातारा होता. तो उतरला आणि दोन बोटांत धरून रुमाल परत दिला.

"आमच्याकडे सीटवर माणूस बसतो, कापड नाही. जा, शेवटी जाऊन उभा राहा."

लवूने वाद घातला नाही. "मी जातो. पण माझा नंबर पहिला होता, तो ह्याला द्या."

ड्रायव्हरने रांगेकडे पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही, आणि मी बसलो. बसल्या बसल्या काच खाली करून लवूवर खेकसलो, "अक्कल आहे का रे? कुर्ला डेपो वाटला काय हा?"

"पेन घेतलंस?" त्याने विचारलं.

मी नऊला दहा कमी असताना पोचलो. लवू वीस मिनिटं उशिरा आला. त्याने दार वाजवलेलं मला आत ऐकू आलं. कुणी उघडलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्याचं परतीचं तिकीट निघालं.

मी पास होऊन आलो आणि घाटकोपरला गेलो. लवू कामावर गेला होता. त्याची आई, सुगंधाकाकी, माझ्यासमोर बसली.

"लवू काय एक बोलणा नाय. तू तरी सांग रे झिला, उशीर झालो कसो?"

म्हणजे त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "काकी, तिथल्या टॅक्स्याच धड नाहीत."

काकी त्या शहराला शिव्या घालत राहिली, आणि मी मान डोलवत राहिलो.