चार खुर्च्या, चारच उमेदवार

सरकारी पाहुण्यांच्या बंगल्यात दोन साहेबांची एकदा चांगलीच जुंपली होती. तिथे कामाला असलेली मावशी तेव्हा पडद्याआड कपबशा पुसत उभी होती, आणि कान काही पुसायच्या फडक्याने झाकता येत नाहीत. जगाची ती मानवाधिकार परिषद असते ना, माणसांवर कुठे अन्याय होतो ते बघणारी, तिच्यात आपल्या देशाने जागा मागावी की नाही, यावरून वाद. एक साहेब म्हणाले, तुरुंग भरलेत आपले, कोणत्या तोंडाने मागायची? थोरले साहेब म्हणाले, "तोंड धुता येतं." पहिल्या साहेबांची पुढे कुठेतरी लांब बदली झाली. मावशीने कपबशा कपाटात लावल्या आणि ती सगळं विसरून गेली. मोठ्यांची भांडणं, आपल्याला काय त्याचं.

काय ते पुढे कळलं. तिच्या पोराचा एक दोस्त नाहीसा झाला. तो कुठे आहे, एवढंच पोराने चौकात उभं राहून विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यालाच उचललं. खटला नाही, तारीख नाही. आठवड्यातून एकदा जाळीपलीकडून तोंड दिसायचं, तेही पहारेकऱ्याची मर्जी असली तर.

मावशीचं काम खोल्या लावायचं. चादर अशी ताणायची की तिच्यावर सुरकुती शोधायला चष्मा लागावा. बंगल्यातले तिला चादरवाली मावशी म्हणायचे, आणि तिला ते मनातून आवडायचं.

अशात परिषदेची निवडणूक आली. परदेशच्या वकिलांची, म्हणजे त्या त्या देशाच्या दूतांची, रीघ लागली, आज हा, उद्या तो. त्यांना खाऊपिऊ घालून मतं पक्की करायची. थोरल्या साहेबांच्या हाताखाली एक धाकटे साहेब होते, त्यांचा मावशीवर जीव. त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की जगातल्या आपल्या भागाला खुर्च्या चार आणि मागणारे देश पाच, त्यामुळे थोरले साहेब धास्तावलेत. बाहेरच्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून मतदानाआधी तुरुंगातली काही पोरं सोडायचं घाटतंय. त्यात तिचंही पोर आहे.

त्या दिवसापासून मावशी देशासाठी अशी राबली की थोरले साहेबही तसे राबले नसतील. उशा उन्हात टाकून फुगवल्या, पाहुण्यांचे कोट स्वतः इस्त्री केले. सून म्हणाली, "आई, उशांनी माझा नवरा सुटला असता, तर मी कापसाचा कारखाना काढला असता."

"अगं, चांगली झोप झाली की माणूस जरा नरम पडतो," मावशी म्हणाली. "मग मागावं त्याच्याकडे."

पाचव्या देशाचा वकील आला तो पोट धरूनच. म्हातारा, चिडका, कशालाच हात लावीना. मावशीने त्याला आल्याचं पाणी दिलं, पोटाला शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, खोलीबाहेर कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही. सकाळी म्हातारा हसत उठला. थोरल्या साहेबांशी त्याची बैठक दुपारपर्यंत चालली आणि सौदा झाला: त्याच्या देशाने इथली उमेदवारी मागे घ्यायची, आणि आपण त्यांना दर्यावरच्या व्यापाराच्या कुठल्याशा मंडळाच्या निवडणुकीत मत द्यायचं.

आचाऱ्याने खुशीत पातेलं वाजवलं. मावशीच्या मनात आलं, एक अडथळा गेला, आता आपलीच सरशी. घरी जाऊन तिने पोराची गादी उन्हात टाकली. सुनेनेही त्याच्या सदऱ्याला बटणं लावली.

दोन दिवसांनी धाकटे साहेब आले आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

"मावशी, आता खुर्च्या चार आणि उमेदवारही चारच. हरायचंच नाही, तर पोरं सोडून दाखवायची कुणाला? ते बारगळलं."

मावशीने हातातली उशी थोपटून पलंगावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तो म्हातारा आजारीच राहिला असता तर?"

"नाही हो. सौदा आधीच ठरला होता. बैठक नावाला. तुमच्या हातात काहीच नव्हतं."

बिचाऱ्याने धीर द्यायला म्हणून सांगितलं, पण तेच तिला जास्त लागलं. आपली चूक असती तर निदान आपल्याकडून काही घडलं, असं तरी झालं असतं. घरी गेली तर सुनेने गादी आत आणलेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. लांबून येणाऱ्या मावशीच्या चालण्यावरूनच कळलं तिला.

देश परिषदेवर बसला. दिवे लागले, भाषणं झाली. त्यानंतर त्या परिषदेच्याच एक बाई, आपल्या देशात माणसांचं बरं चाललंय का ते बघायला आल्या. मावशीचं काळीज तोवर डॉक्टरांच्या भाषेत थकलेलं होतं. पुढे त्याच हिवाळ्यात ती वारली. पोरगा अजून आत आहे. पण बाई आल्या त्या दिवशी खोली लावायला तीच होती.

पाहुण्या बाई मायाळू होत्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. धाकट्या साहेबांनी सांगितलं, "घरी कोण कोण असतं, सगळे बरे आहेत का, विचारतायत."

मावशीने साहेबांकडे पाहिलं. ते सतरंजीकडे बघत होते. खरं सांगावं, तर बाई चार दिवसांनी विमानात बसतील, आणि आठवड्याची ती जाळीपण बंद व्हायची.

"सगळे बरे आहेत म्हणावं," ती म्हणाली.

मग तिने चादर ताणली, कडा गादीखाली खोचल्या, पाण्याचा जग भरून ठेवला, त्यावर पेला पालथा घातला, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.