रडायचा भाग

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नववीत होते आणि संगमनेरातल्या आमच्या आळीत माझ्याइतका भाव खाणारं दुसरं कोणी नव्हतं. मला घडाघडा वाचता येत होतं ना! सकाळची शाळा सुटली की दुपारी चार-पाच घरच्या बायका मांडीवर सूप घेऊन आमच्या ओट्यावर विड्या वळायला बसत आणि मी त्यांना कादंबरी वाचून दाखवत असे. बदल्यात माझ्या वाट्याच्या विड्या त्या सगळ्या मिळून वळत. सौदा चांगला होता.

पुस्तकं वाचनालयातून यायची. बायकांना प्रेमाचीच लागत, त्यातही रडवणारी. हसतखेळत लग्न लागलं की पुस्तक फुकट गेलं म्हणत. अडचण एकच. रडताना हात ढिले पडतात, विडी सैल होते आणि कारखान्यातला तपासणारा सैल विड्या छाट म्हणून बाजूला फेकतो. म्हणून त्यांनी तोडगा काढला. पुढचा भाग मी सकाळीच वाचून ठेवायचा आणि आज रडायचं आहे की नाही ते सांगायचं. रडायचं असलं तर त्या दिवशी नुसती पानं कातरायची, वळायचं दुसऱ्या दिवशी. इतक्या शिस्तीत रडणाऱ्या बायका मी पुन्हा पाहिल्या नाहीत. मी स्वतः कधी रडत नसे. वाचणारीच रडली तर वाचन थांबतं, आणि मला माझा आवाज फार आवडत होता.

न रडणारी आणखी एक होती, माझी ताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिसरीत शाळा सुटलेली. तिला कोल्हारचं स्थळ आलं होतं. विहीर, मळा, खाऊनपिऊन सुखी घर. येत्या रविवारी सुपारी फुटायची होती. ताईचं मन मात्र कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलात गुंतलं होतं. हे मला एकटीलाच ठाऊक होतं, कारण त्याच्या चिठ्ठ्या तिला मीच वाचून दाखवत असे. त्याही कादंबरीसारख्याच, आवाज चढवत-उतरवत.

गुरुवारी सकाळी नळावर मी तिला सांगितलं, की आजच्या भागात बाप पोरीला न विचारता लग्न ठरवतो, भयंकर रडायचं आहे. पण बायकांना संध्याकाळी माल द्यायचाय, तेव्हा ते उद्यावर जाणार.

"उद्या नगं," ताई म्हणाली. "आजच वाच."

ती कधी काही मागत नसे. म्हणून मी बायकांना खुशाल थाप मारली, की आज रडण्यासारखं काही नाही.

पुस्तकातली पोर मान खाली घालून बोहल्यावर उभी राहिली तशी शेजारच्या काकूंनी सूप बाजूला सारलं. "फशिवलंस की गं," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांत जास्त आमची आई रडत होती.

"बाप हाय का कोन?" ती म्हणाली. "पोरीला एकदा इचारायचं तरी."

ताईचे हात थांबले. "मग तू मला इचार की, आई."

ती हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. काकू खाली बघायला लागल्या. आईनं डोळे पुसले, ताईकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वाच गं तू पुढं."

मी वाचलं. चार ओळींत बायका पुन्हा रडायला लागल्या आणि ताई विड्या वळायला लागली.

रविवारी सुपारी फुटली, वैशाखात लग्न झालं. ताईचा संसार वाईट झाला नाही, हेही सांगायला हवं. भावजी माणूस म्हणून सरळ होते. पण त्या दुपारी आई विचारायच्या बेतात होती. मी समोरच बसले होते, मला दिसलं होतं. मी पुस्तक मिटलं असतं तर ओट्यावर बोलायला दुसरं काही उरलं नसतं आणि तिला विचारावंच लागलं असतं. मला त्याची लाज वाटते.

ताईनं तो विषय कधी काढला नाही. ती माहेरपणाला आली की बायका हौसेनं म्हणत, ताई आलीय, वाच काहीतरी. मी पुस्तक उघडलं की ताई उठून आत जायची.