नातीचं ताट

जिऱ्याच्या फोडणीचा वास आला की मले कारंज्याचं ते हॉटेल आठवते. आमच्या धनज गावाहून आमी बाजाराले गेलो होतो, मी, पोरगा, सून अन् चार वर्साची नात. वर पंखा गरगर फिरून राह्यला होता, भट्टीतून गरम रोटीचा खमंग वास येत होता. पोरानं सगळ्याईचं सांगून टाकलं अन् वेटरनं तीन ताटं मांडली. नात समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. मी म्हटलं, “हिचं ताट कुठी आहे?” पोरगा म्हणे, “बाबा, ते आईच्या ताटातलं खाते. काहून वाद घालता?” म्या माह्यं ताट सरकवलं. “पंगतीत बसला त्याले पान भेटते, मंग तो एवढुसा का असेना. तिचं ताट येईस्तोवर मी जेवत नाही.” सून पदराआड हासली. वेटरनं ताट आणलं अन् वाकून तिलेच विचारलं, “बोला ताई, काय आणू?” पोरगी खुर्चीत ताठ झाली. “पापड. अन् वरणभात.” तो वळला तशी ती ओरडली, “थांबा! आबाले कोनीच नाही विचारलं!” खरंच होतं. पोरानं माह्यासाठी परस्पर बिनतिखटाचं सांगितलं होतं. “मले शेवभाजी,” मी छाती काढून म्हटलं, “अन् झणझणीत!” नाकाडोळ्यातून पाणी आलं, पण वाटी पुसून खाल्ली. आता नात शाळेत जाते. माही शाळा दुसरीतच सुटली, म्हणून हॉटेलात ती मेनूकार्डावरचं एकूणएक नाव मले वाचून दाखवते, अन् माह्यं ठरेपर्यंत वेटरले हालू देत नाही.