मास्तरांच्या हातातला विडा

हळ्ळीखेडच्या दत्तमंदिरात जयंतीच्या संध्याकाळी देवापुढं कोण गाणार, हे त्याच दिवशी दुपारी ठरायचं, आणि ते ठरवायचे श्रीपतराव मास्तर. गाणारा सभामंडपात गायचा आणि मास्तर हातात विडा धरून समोर बसायचे. गाणं पसंत पडलं तर विडा गाणाऱ्याच्या हातावर. नाही पडलं तर मास्तर तो स्वतःच्या तोंडात टाकायचे. त्यावर कुणी ब्र काढत नसे. गुलबर्गा, बिदर, हैदराबाद, जिथं मैफल तिथं पोहोचण्यात ज्यानं शाळेची एकूण एक सुट्टी घालवली, त्याच्याशी वाद कोण घालणार?

अडचण एवढीच होती, की मास्तरांना दोन वर्षांपासून काहीही ऐकू येत नव्हतं.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या तिसऱ्या वर्षी ते विषमज्वरानं पडले. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. हे फक्त त्यांच्या पत्नीला, नलिनीबाईंना ठाऊक होतं. त्यांचे ओठ मास्तरांना पुस्तकासारखे वाचता येत. बाकीच्यांपुढं ते अंदाजानं मान डोलवत आणि अडलं की "बरं, बघू" म्हणून चालू लागत. गावाला वाटे, म्हाताऱ्याला ताठा चढला. मास्तरांना तो ताठाच सोयीचा पडला.

आणि ते अगदीच कोरडे पडले होते असंही नाही. रोज दिवेलागणीला ओसरीवर डोळे मिटून ते जुनी एक मैफल पहिल्यापासून ऐकत. सगळ्यांत लाडकी होती गुलबर्ग्याच्या एका व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यातली दुपारची भीमपलास. तिथं गाणारी बाई निषादावर अशी थांबली होती, की पाणी प्यायला उठलेला माणूस तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. पण अलीकडं त्यातही घोटाळे होऊ लागले होते. आवाज एकीचा यायचा आणि मागं सारंगी भलत्याच मैफलीतली वाजायची. एवढंही गेलं, तर आपल्याजवळ उरलं काय, या भीतीनं ते ओसरीवरून उठून आत जात.

जयंतीच्या सकाळी नलिनीबाईंनी त्यांना देवघरापाशी गाठलं.

"आज बंडेप्पाची लेक निलम्मा गाणार हाय," त्या ओठ सावकाश हलवत म्हणाल्या. "गेल्या साली तुम्ही तिचा विडा खाल्लात. सोन्यासारखं गायली होती पोरगी. अन् ते हातवारे करणारं पोरगं, त्याला दिलात."

"तेव्हाच कामून बोलली न्हाईस?"

"तुमची मान खाली जाईल म्हणून. पण बंडेप्पा म्हणायलाय, यंदा विडा न्हाई गावला तर पेटी इकून टाकतो, गाणं बंद. आज तरी खरं सांगा लोकांना."

"खरं सांगितलं तर मला त्या मंडपात कोण बसवील?"

नलिनीबाईंनी विडा लावून त्यांच्या हातात दिला.

दुपारी मंडप भरला. निलम्मा गेल्या सालसारखीच खांबासारखी ताठ बसली. हात मांडीवर, डोळे मिटलेले. त्या चेहऱ्यावरून काडीचा पत्ता लागेना. कडेला बंडेप्पा बसला होता, शेतातून थेट आल्यासारखा, पायांना माती. निलम्मानं मास्तरांकडं बघून नमस्कार केला आणि रागाचं नाव सांगितलं. ओठांवरून त्यांनी ते ओळखलं. भीमपलास!

मास्तरांना हायसं वाटलं; ती तर त्यांच्याजवळ होतीच. त्यांनी डोळे मिटले. गुलबर्ग्याचा दिवाणखाना उघडला, ती बाई गाऊ लागली, आज सारंगीही तिचीच होती. मास्तर हरखून गेले. मान डोलली, हात उठला, "क्या बात है!" तोंडून निघालं. बाई निषादावर थांबली, आणि मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली.

त्यांनी डोळे उघडले. निलम्माचं तोंड बंद होतं. तबलजी हात पुसत होता. पेटीचा भाता मिटलेला होता. गाणं कधीच संपलं होतं आणि अख्खा मंडप मास्तरांच्या हवेत अडकलेल्या हाताकडं बघत होता.

बंडेप्पा उठला. पोरीची थट्टा झाली असंच त्याला वाटलं असणार. त्यानं पेटी उचलायला हात घातला.

"थांब, बंडेप्पा," मास्तर म्हणाले. आपला आवाज केवढा निघाला, हे त्यांना कळलं नाही. "मला ऐकू येत न्हाई. दोन सालं झाली."

बंडेप्पाचे ओठ त्यांना नीट दिसले. "मग मास्तर, गेल्या साली?"

"गेल्या साली बी न्हाई."

मास्तर उठले आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या नलिनीबाईंपाशी गेले. पन्नास वर्षं प्रत्येक मैफलीहून परतले, की पाय धुवायच्या आधी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसत आणि चुलीपुढच्या नलिनीबाईंना सगळं गाणं सांगत, गुणगुणून दाखवत. या बाईनं एकही मैफल बघितली नव्हती आणि एकही चुकवली नव्हती. मास्तरांनी विडा तिच्यापुढं धरला.

नलिनीबाई गोंधळल्या. पदर सावरून त्यांनी विडा घेतला आणि निलम्माला म्हणाल्या, "पुन्हा म्हण, बाई."

बंडेप्पा पेटीवरचा हात न काढता खाली बसला.

या वेळी मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. ते नलिनीबाईंच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. भुवया जवळ आल्या, सैल झाल्या. मग कुठंतरी त्यांचा श्वासच थांबला. बराच वेळ थांबला. मास्तरांनी मुठी आवळल्या. नलिनीबाई उठल्या, चालत गेल्या आणि विडा निलम्माच्या तळहातावर ठेवला. बंडेप्पानं पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं.

मंडप पांगला तेव्हा मास्तर पायरीवर बसले होते. नलिनीबाई येऊन त्यांच्या समोर बसल्या.

"कसं झालं?" मास्तरांनी विचारलं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी ती नुसत्या षड्जावर उभी राहिली..."