कट्टबहुदु, कट्टबारदु

आईनं पेटवलेल्या चुलीवर काकूनं तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हाचा तो ओल्या राखेचा तुरट वास आजही कुठं आला, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मुडबीजवळचं आमचं ते काळ्या दगडाचं घर... दोन-दोन हात जाड भिंती, वैशाखातही गार फरशी, कोनाड्यांत एरंडेलाचा चिकट गंध, आणि एवढ्या ऐसपैस घरात चूल मात्र एकच. थोरल्या काकूचा स्वयंपाक उरकेपर्यंत आईनं तिष्ठत राहायचं, असा दंडक. त्या दिवशी मला ताप होता, म्हणून तिनं पेजेसाठी आधी चूल पेटवली, एवढाच तिचा गुन्हा.

मागल्या अंगणात आईला वेगळं स्वयंपाकघर बांधून द्यायचं, असं अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, त्याच दिवशी ठरवलं. पण घराचं नाव सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीत. एक दगड वाढवायचा तरी गुलबर्ग्याहून परवानगी हवी. म्हैसूर राज्य आलेलं, त्यामुळं अर्जाचं उत्तर आलं कानडीत. अप्पा कानडी फर्डं बोलायचे, पण निजामाच्या काळात शिकलेले उर्दूत. कानडी अक्षराच्या नावानं बोंब. बाहेर कुणाकडून वाचून घ्यावं, तर काकूच्या कानावर जाणार. कानडी शाळेत जाणारी घरात मी एकटी, चौथीतली.

"वाच गं, काय म्हणायलेत?"

अप्पांनी पुढं केलेल्या पिवळट कागदाच्या शेवटी स्वच्छ लिहिलं होतं – कट्टबारदु. बांधू नये. दारात आई उभी होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून, माझ्या ओठांकडे बघत... मी म्हणाले, "कट्टबहुदु." बांधता येईल.

मन्नाएखेळ्ळीचे गवंडी आले. अंगणभर भिजल्या चुन्याचा वास दरवळला. भिंत कमरेएवढी झाली न झाली, तोच आईनं आत तीन दगड मांडले आणि उघड्या आभाळाखाली तुरीचं वरण शिजवलं. भाकरी थापताना ती चक्क गुणगुणत होती!

मग एके दुपारी साहेब आले, माणसं आली, पहारी आल्या. अप्पांना सगळ्या गावादेखत झापलं. मागल्या दारात कमरेवर हात ठेवून काकू म्हणाली, "लई बरं झालं!" त्या बाईला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. अप्पा माझ्यावर धावून आले, "चौथीत गेलीस अन् कागुद वाचता येईना व्हय?" आई मधे पडली. वाचायला चुकले, असंच मी सगळ्यांना समजू दिलं, आणि आई पुन्हा त्याच चुलीपाशी, काकूचं उरकण्याची वाट बघत उभी राहिली... पुढची कितीतरी वर्षं.

अप्पा गेल्यावर तिला मी गुलबर्ग्याला माझ्याकडे आणलं. एका सकाळी न राहवून खरं सांगून टाकलं.

"मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "खोटं बोलताना तुझे कान लाल व्हतेत."

"मग कामून थांबवलं न्हाईस?"

"बारा दिस तर माझी चूल व्हती की गं."

ती उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली.

"च्या ठेवू का?" तिनं दबकत विचारलं. "तुझं उरकलंय नव्हं?"