बाकीची नऊ

मुंबईच्या बंदरावर तपासणीच्या मशीनमधून देवसिंगची पिशवी गेली आणि पलीकडच्या माणसाने हात वर करून सगळी रांग थांबवली. पिशवीत स्टीलचा डबा होता, डब्यात कडक करून आणलेल्या ज्वारीच्या वीस भाकरी. एका पुडक्यात फुटाणे, एका बाटलीत जवसाची चटणी. बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही, असं तो माणूस सांगत होता. देवसिंग त्याला शांतपणे समजावत होता, "साहेब, ये खाना नहीं है, दवाई है."

मागे आम्ही कृषी केंद्रवाले चाळीसेक जण ताटकळत उभे. हंगामात बियाणं चांगलं खपवलं म्हणून कंपनीने आम्हाला चार दिवस समुद्रावर फिरवायला आणलं होतं. मला राहवेना. बोलणी करणं हाच माझा धंदा. सायकलला पिशव्या बांधून आठवडी बाजारात बियाणं विकणारा मी, मानोऱ्यात दुकान टाकलं ते तोंडाच्या जोरावर. पुढे झालो, आवाज चढवला, मग उतरवला. दहा मिनिटांत तोडगा निघाला. चटणी बंदरावर राहिली, भाकरी आणि फुटाणे बोटीवर चढले. देवसिंगच्या भाकरी मी सोडवल्या, हे मुद्दाम आधी सांगतो. पुढे त्याने माझं काय केलं ते वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

त्याचं दुकान माझ्या दुकानाच्या समोर. गिऱ्हाईक एकच, त्यामुळे वीस वर्षं आम्ही एकमेकांकडे पाहून हसायचो आणि मनातून जळायचो. कंपनीने बोटीवर दोघांना एकच खोली दिली. दार लावल्याबरोबर तो म्हणाला, "गजू, तुले साखर हाय ना?"

मी उडालोच. ही गोष्ट बायको आणि डॉक्टर सोडून कोणाला माहीत नव्हती. धंद्यात दुखणं दाखवायचं नसतं. माणूस खचला असा वास आला की कंपनी दुसरं दार शोधते.

"तुले कोनं सांगतलं?"

"वहिनीनं. म्हणे भाऊ, यायच्याकडे ध्यान द्या, हे बोटीवर ताटच सोडनार नाहीत."

म्हणजे माझ्या पाठीमागे माझ्याच घरात ठरवाठरवी झाली होती. तो राग अजून गेलेला नाही. बायको, कमल, आजही म्हणते, तुमच्या भल्यासाठीच सांगितलं.

जेवणाच्या दालनात देवसिंगची एक रीत होती. आधी रिकामं ताट घेऊन, सगळ्या टेबलांना एक चक्कर मारायची. बाजारात बैल पाहतात तसा तो प्रत्येक भांड्यापाशी थांबून वाकायचा, आणि पुढे जायचा. चक्कर पुरी झाल्यावर ताटात काकडी, टमाटे, मोडाची उसळ, वरण. मग खिशातून रुमालात बांधलेली भाकरी काढायची. मी तोवर तीन गोड पदार्थांपर्यंत पोचलेलो असायचो. तो माझ्या ताटाकडे पाहून म्हणायचा, "ताट तुहं, पाय बी तुहाच."

सकाळी सहाला तो मला डेकवर ओढून न्यायचा. बोटीला कडेने फेरी मारता येत होती. त्याच्या चौदा चकरा ठरलेल्या.

"आठ मारतो," मी म्हणालो.

"चौदा."

"दहा. अन् आज आइस्क्रीम नाही."

"गजूशेठ, इथं भाव नाही होत. हे काय तुह्या दुकानातलं गिऱ्हाईक हाय का?"

पहिल्या दिवशी मी दहा मारल्या, दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी चौदा झाल्या. दम लागला, पण अंग हलकं झालं होतं, हे कबूल करतो. त्याच्या साखर मोजायच्या मशीनवर बोट टोचून घेतलं तेव्हा आकडाही उतरला होता. देवसिंग लहान पोरासारखा खूश झाला. "पाह्य, ऐकून राह्यली तुह्यी साखर!"

संध्याकाळी तो पलंगावर बसून पाय उलटा करायचा आणि लहानशा आरशात तळवा बघायचा. मी हसलो. "लोकं आरशात तोंड पाह्यतात बे."

"तोंडाले कोन पाह्यते आता? पायाचं पाह्य. काटा रुतला तरी समजत नाही आपल्याले."

मग त्याने सांगितलं. त्याचे आईबाप तांड्यावरून दरवर्षी ऊसतोडीला जायचे, तोही त्यांच्यासोबत. एका हंगामात बापाच्या अंगठ्याला पाचटाचं टोक लागलं. बापाला कळलंच नाही. मुकादम म्हणाला, हळद लाव. पाय काळा पडला. ट्रकमध्ये उसाच्या वाढ्यावर, म्हणजे वरच्या पाल्यावर, निजवून त्याला तांड्यावर आणलं, पोहरादेवीच्या यात्रेच्या चार दिवस आधी तो गेला. साखर होती हे कळायला घरच्यांना कितीतरी वर्षं लागली, देवसिंगला स्वतःला झाली तेव्हा. "सारा जलम ऊस तोडला त्यानं," देवसिंग म्हणाला, "अन् चहात गूळ बी मोजून भेटे." एवढं बोलून त्याने आरसा रुमालात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "तू पाह्य आता."

मी पाहिला. हेही कबूल करतो.

चौथ्या दिवशी दुपारी सत्कार होता. तालुक्याची मुख्य एजन्सी त्या वर्षी एका दुकानाला मिळणार होती आणि ती माझीच, असं सगळे धरून होते. कंपनीच्या साहेबांनी मला मंचावर बोलावलं, शाल दिली, केक कापायला लावला. मग आपल्याकडे करतात तसं तोंड गोड करायला भलामोठा तुकडा माझ्या तोंडापाशी आणला. अशा वेळी नाही म्हणायचं नसतं. मी तोंड उघडलं.

"साहेब, नका देऊ! त्याले साखर हाय!"

देवसिंग खुर्चीवरून उठून उभा होता. साहेबांचा हात तिथेच थांबला. ते माझ्याकडे पाहू लागले, आणि ती नजर मी ओळखली. बाजारात लंगडा बैल दिसला की मीही तसाच पाहतो. कोणीतरी मागे फिसकन हसलं. मी साहेबांच्या हातातून केक घेतला आणि सगळ्यांसमोर पुरा खाल्ला.

पेरणीच्या आधी एजन्सी देवसिंगला मिळाली.

मी रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकांसमोर त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "एजन्सी गेली तं दुसरी भेटते, गजू. पाय कुठं भेटते?"

"मंग देऊन टाक ना मले तुह्यी एजन्सी!"

एजन्सी त्याने दिली नाही. तो काही संत नव्हता. दोन पोरींची लग्नं व्हायची होती, दुकान त्यालाही चालवायचं होतं. पण त्या दिवशी ओरडताना त्याच्या मनात माझा पाय होता की एजन्सी, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असतील. त्याच्या जागी मी असतो तर माझ्याही मनात दोन्ही असती.

त्यानंतर रोज सकाळी फिरायला जाताना तो माझ्या फाटकापाशी थांबायचा. "गजू, ऊठ बे." मी जागा असायचो. चादर डोक्यावर ओढायचो. त्याचा राग म्हणून मी चालणं सोडलं, त्याचा राग म्हणून भात आणि जिलेबी खाल्ली. असला मूर्खपणा शहाणा म्हणवणाऱ्या माणसाने दीड वर्ष केला.

मग चपलेतून खिळा वर आला. दिवसभर गोदामात फिरलो, मला कळलं नाही. कमलला फरशीवर रक्त दिसलं. वाशीमला दवाखान्यात डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

देवसिंग भेटायला आला. मी म्हणालो, "काय पाह्याले आला? एजन्सी घेतली, आता बोटं मोजाले आला का?"

त्याने पायावरची चादर उचलली. बराच वेळ पाहिलं. चादर पुन्हा नीट टाकली आणि म्हणाला, "एकच गेलं. बाकीची नऊ वाचव." आणि डोळे पुसत निघून गेला. मी त्याला बस म्हणालो नाही.

चार महिन्यांनी, दिग्रसच्या रस्त्याने फिरायला गेलेल्या देवसिंगला मागून गाडीने उडवलं. त्याची साखर तेव्हा ताब्यात होती, पायाला साधा ओरखडा नव्हता. "काय कामाचं आलं त्याचं चालनं?" असं लोक माझ्याच दुकानात बसून म्हणाले. मी त्यांना हाकलून दिलं. पण मातीला मी गेलो नाही. पाय बरा नाही, असं सांगितलं. पाय बरा होता.

गेल्या महिन्यात कंपनीचे साहेब माझ्या दुकानात आले. देवसिंगचं दुकान आता त्याचे भाऊ विकायला निघालेत. एजन्सी मोकळी झाली होती. बोलणी झाली, मी नेहमीसारखं ताणून धरलं, ते नेहमीसारखे वाकले. सगळं ठरलं. साहेबांनी पेढ्याचा डबा उघडला, एक पेढा उचलला आणि माझ्या तोंडापाशी आणला.

मी थांबलो. रस्त्यापलीकडच्या बंद शटरकडे पाहिलं. कोणी ओरडलं नाही.

"मले साखर हाय साहेब," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो, दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही मान वळवली. "एक बोट बी गेलं."

साहेबांचा हात थांबला. तीच नजर. पेढा त्यांनी डब्यात परत ठेवला, तब्येतीची चौकशी केली आणि वर बोलून फोन करतो म्हणाले.

फोन अजून आलेला नाही. देवसिंगला मी माफही केलेलं नाही. सकाळी सहाला उठतो, दिग्रसच्या रस्त्याने जाऊन येतो, आणि आल्यावर खाटेवर बसून आरशात तळवा बघतो. बोटं नऊ आहेत.